माया संपलेला आंगरखा : बेळगावातल्या एका स्वतंत्र विनोदी चित्रपटाचं प्रकरण

बेळगावात चार मित्रांनी पदरच्या पैशांनी एक विनोदी चित्रपट केला. पहिलं संकलन दाखवलं तेव्हा त्या चौघांना ओळखणारी माणसं पोट धरून हसली. न ओळखणारी सुरुवातीला हसली आणि मग हळूहळू मोबाईल बघू लागली. अडचण एवढीच होती, पण ती मुळाशी होती. छायाचित्रण बरं होतं, नट मोकळे होते, संवाद चुरचुरीत होते, तरी चित्रपट मध्यावर खाली बसायचा. तो का बसत होता आणि कशानं उभा राहिला हे सविस्तर लिहायचं कारण असं की, कमी पैशात सिनेमा करू पाहणारी पोरं आता आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि मोठं व्हायला तयार नसलेल्या मित्रांची गोष्ट त्यांच्या वहीत हमखास असते. मी या चित्रपटाच्या दुसऱ्या पटकथेवर आणि दुसऱ्या संकलनावर त्यांच्यासोबत होतो. माणसांची नावं देत नाही. चित्रपटाचं नाव अजून पक्कं झालेलं नाही.

दिग्दर्शक उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कास्टिंग तपासायच्या कामावर आहे. छायालेखक लग्नांची शूटिंगं करतो, त्यामुळे कॅमेरा आणि दिवे घरचेच. उरलेले दोघे पडद्यावर आहेत: एक शाळामास्तर, दुसरा भावाच्या कापडदुकानात बसतो. बाकीचे नट ओळखीपाळखीतले. शूटिंग रविवारी आणि लग्नसराई नसलेल्या महिन्यांत चालायचं.

गोष्ट साधी आहे. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या कट्ट्यावर तिशी ओलांडलेले चौघे रोज संध्याकाळी बसतात. पहिला वडगावचा, घरी वडिलांचे यंत्रमाग. दुसरा इंजिनिअरिंगला गेला, 'इयर बॅक' बसला आणि राहिलेले विषय अजून काढतोय असं घरी सांगतो. तिसरा निपाणीचा, मामाकडे राहणारा. चौथा गोकाककडचा, घरात कन्नड आणि कट्ट्यावर मराठी, आणि याचं लग्न ठरलंय. या चौघांचं वर्षातलं एकच ठरलेलं काम म्हणजे शिवजयंतीचा चित्ररथ. बेळगावात शिवजयंती वैशाखात तिथीनं होते, मागोमाग चित्ररथांची मिरवणूक निघते आणि ती बघायला खेड्यापाड्यांतून माणसं येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावे असतात. हे चौघे शाळेत असल्यापासून एकाच मंडळाच्या ट्रॉलीवर मावळे म्हणून उभे राहत आलेत. आता मंडळातली नववी-दहावीची मुलं म्हणताहेत, आम्हाला उभं राहू द्या. चौघांचा एकच जप, "यंदाचं एवढं होऊ दे."

ही कल्पना मला पहिल्या वाचनापासून आवडली. तिच्यात हसू आहे आणि ते कुणाची टिंगल करत नाही. मिरवणुकीवरची या मुलांची श्रद्धा खरी आहे. ट्रॉलीवर भाला धरून तास न् तास पुतळ्यासारखं उभं राहणं हे त्यांनी आयुष्यात मन लावून केलेलं एकमेव काम आहे.

सीमाप्रश्नाचं काय करायचं

पहिल्या पटकथेत दिग्दर्शकानं एक मोठी भूमिका घेतली होती. हे चौघे का अडकले? कारण त्यांचं गावच अडकलेलं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आजोबांनी सत्याग्रह केला, वडिलांनी मोर्चे काढले, १ नोव्हेंबर २०१४ ला पाट्यांवरचं बेळगाव बेळगावी झालं, २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा अजून उभाच आहे. जिथे सगळं गाव निकालाची वाट बघतंय तिथे चार पोरांनी वाट बघितली तर बिघडलं कुठे, असा एक लांबलचक संवाद वडगावच्या पात्राच्या तोंडी होता. पहिल्या खेळाला त्यावर टाळ्या पडल्या होत्या.

यावर आमचं सगळ्यात जास्त वाजलं. माझं म्हणणं असं होतं की हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं चित्रपटाचं मत म्हणून मांडलं की उरलेलं अर्धं खोटं पडतं. सरकारी कागद कन्नडमधून येतो, नोकरीच्या परीक्षेत कन्नड आडवं येतं, ही इथल्या मराठी माणसाची रोजची ठेच आहे. पण त्याच गल्लीतल्या मुली त्याच अडचणीत कन्नड शिकून बँकेत लागल्या, कुणी तीन-साडेतीनशे किलोमीटरवर पुण्याला गेलं, कुणी पाचशे किलोमीटरवर बंगळुरूला. सीमाप्रश्नासाठी ज्यांनी तुरुंग पाहिला ती माणसं शेती, दुकान, संसार सांभाळून तो लढा देत होती. त्यांच्या लढ्याला या चौघांच्या आळसाचं कारण करून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय होता.

दिग्दर्शकाचं म्हणणंही टाकण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, मी बेळगावचा सिनेमा करतोय आणि त्यात हा विषयच नसेल तर तो बेळगावचा कसा? मग एक तोड निघाली आणि मला ती फार चांगली वाटते. विषय ठेवला, पण चित्रपटाच्या तोंडून काढून पात्राच्या तोंडी घातला. इयर बॅकवाला कुठलंही काम अंगावर आलं की म्हणतो, "निकाल लागू दे, मग बघूया." फॉर्म भरायचाय, निकाल लागू दे. दाढ दुखतेय, निकाल लागू दे. दोनदा हसू येतं. तिसऱ्यांदा तो हे वाक्य वडिलांसमोर म्हणतो. वडील सीमालढ्यातले जुने कार्यकर्ते, पेपर वाचत बसलेले. ते पेपरातून डोकं वर काढून म्हणतात, "कुठला निकाल? तुझा की आमचा?" पोरगा गप्प. टाळ्यांचा तो लांबलचक संवाद गेला आणि त्याच्या जागी ही एवढीशी देवाणघेवाण आली. दुसऱ्या खेळाला इथे आधी हशा आला आणि मग सभागृह एकदम शांत झालं.

शिलाई

पण चित्रपट खाली बसायचा त्याचं कारण हे नव्हतं. कारण असं की चौघांनाही काहीच नको होतं. पडद्यावरच्या माणसाला काहीतरी हवं असतं, त्याच्या मागे तो धावतो आणि आपण त्याच्या मागे जातो. इथे चौघांना हवंय ते म्हणजे आहे तसंच चालू राहावं. असा नायक प्रसंग पुढे नेत नाही, तो प्रसंगात बसून राहतो. गप्पा कितीही चटकदार असल्या तरी पंचवीस-तीस मिनिटांनी प्रेक्षकाला कळतं की इथे काही घडायचं नाही.

दिग्दर्शकाला यावर उपाय माहीत होता असं त्याला वाटायचं. फेदेरीको फेलिनींचा १९५३ चा 'ई वितेलोनी' हा याच विषयाचा मानदंड मानला जातो: समुद्रकाठचं छोटं इटालियन गाव, पाच रिकामटेकडे तरुण, आणि शेवटी त्यातला एक सकाळच्या गाडीनं गाव सोडून जातो. आपल्याकडे तर रेल्वे गेट आहेच, चौथा गाडीत बसून जाईल, तिघे गेटाशी उभे राहतील. चित्र म्हणून सुंदर होतं. पण बेळगावात गाव सोडणं आणि मोठं होणं यांचा काही संबंध नाही. पुण्यात खोली करून राहणारी आणि दर शनिवारी बसनं आईच्या हातचं जेवायला येणारी पोरं आम्ही सगळ्यांनी पाहिलीत. गाडीचा शेवट ठेवला असता तर जो गेला तो मोठा आणि जे राहिले ते पोरकट, असा अर्थ निघाला असता. गावात राहिलेल्या माणसांनी केलेल्या चित्रपटानं असं म्हणावं हे मला पटेना.

वाट दाखवली ती शहापुरात एका ओळखीच्यांच्या माडीवर केलेल्या खेळानं. तिथे मुद्दाम वयस्क बायकांना बोलावलं होतं, कारण पहिल्या खेळाला त्या नव्हत्या. खेळ संपल्यावर सगळे छान छान म्हणाले. एका काकूंनी मात्र विचारलं, "त्या वडगावच्या पोराला दरवर्षी तोच आंगरखा होतोय कसा? अकरावीतला आंगरखा हा. त्याला उसवून कोण देतंय?"

दिग्दर्शकाकडे उत्तर नव्हतं. त्यानं आंगरखा भाड्यानं आणला होता आणि नटाच्या मापाचा आणला होता. पण प्रश्न किती नेमका होता बघा. मुलगा मोठा व्हायला तयार नाही, पण अंग मोठं होतंय. मग कपडा कुणीतरी मोठा करत असणार. कोण? आई. घरातल्या मशीनवर बसून, दरवर्षी चैत्र संपता संपता.

दुसरी पटकथा या एका प्रश्नावर उभी राहिली. पात्रांना काही नको असेना का, कापडाला हद्द असते. शिंप्याकडे कपडा शिवताना आत थोडी माया सोडतात, पुढे अंग भरलं तर उसवून ढिला करता यावा म्हणून. ती दरवर्षी थोडी थोडी वापरली की एक वर्ष असं येतं की वापरायला काही राहत नाही. मिरवणुकीची तारीख ठरलेली, आणि आंगरखा बसत नाही. गोष्टीला घड्याळ मिळालं. पहिल्या पटकथेत मुलं फक्त जागा मागत होती आणि चौघे नाही म्हणत होते, ते भांडण कितीही दिवस चाललं असतं.

तो प्रसंग मी जवळून पाहिला. आईच्या भूमिकेसाठी नटी घेतली नाही, वडगावातल्या एका शिवणकाम करणाऱ्या मावशींना घेतलं. त्यांनी कात्री मागितली नाही. दाढीचं ब्लेड अर्धं मोडून घेतलं, आंगरखा उलटा केला, काखेपासून खाली शिवण नखानं ताणून धरली आणि एकेक टाका ब्लेडच्या टोकानं उडवत गेल्या. कापड उघडलं तेव्हा आतला पट्टा गडद कुंकवासारखा लाल होता आणि बाहेरचं कापड उन्हानं विटकं गुलाबी. त्या पट्ट्यावर जुन्या शिलाईच्या भोकांच्या ओळी होत्या, एकीशेजारी एक. मावशींनी त्यावरून बोट फिरवलं आणि पटकथेतलं वाक्य आपल्या पद्धतीनं म्हटलं, "आणि किती उसवू रे? माया संपली बघ." पोरगा दारातून म्हणतो, "यंदाचं एवढं कर की गे." त्या काही बोलत नाहीत. उसवलेले दोरे फुंकून उडवतात आणि चिंध्यांच्या पिशवीत हात घालून जुन्या साडीचा तुकडा शोधू लागतात.

ब्लेड एकदा फिरलं की परत तोच टेक घेता येत नाही. पुन्हा शिवायचं, पुन्हा उसवायचं, आणि जुन्या कापडाला ते सोसवेना. म्हणून छायालेखकानं कॅमेरा तिपाईवर ठेवला, आई, मशीन आणि दारातला मुलगा एकाच चौकटीत घेतले आणि सगळा प्रसंग न तोडता टिपला. मूळ आखणीत इथे जवळची पाच-सहा दृश्यं होती. ती घेतली असती तर हसू तुटलं असतं. विनोदात माणूस बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा त्याच वेळी दिसायला हवा, आणि हे संकलनात जोडून आणता येत नाही. दुसऱ्या संकलनात कट्ट्यावरचे कितीतरी प्रसंगही आम्ही याच न्यायानं बदलले. चौघांची एकत्र दूरची चौकट जिथे उपलब्ध होती तिथे तीच ठेवली, भले एखाद्याचा चेहरा थोडा अंधारात असो.

साडीच्या तुकड्याची कळी काखेत बसवल्यावर वडगावचा मावळा रंगीत तालमीत हात वर करतो आणि त्याच्या बगलेत आईच्या साडीची मोरपिशी नक्षी दिसते. नववीतली मुलं हसतात. त्यातला एकजण अगदी आदरानं म्हणतो, "काका, हात खाली ठेवूनच उभे राहा." त्या एका 'काका'नं प्रेक्षागृह जेवढं हसलं तेवढं पहिल्या संकलनातल्या कुठल्याही चुटक्याला हसलं नव्हतं. तोवर ती मुलं त्याला दादा म्हणत होती.

मग बाकीच्या तिघांनाही हाच प्रश्न लावला: यांचं असं राहणं कोण निभावून नेतंय? इयर बॅकवाल्याची धाकटी बहीण त्याची परीक्षा फी भरते आणि वडिलांना सांगत नाही. निपाणीच्याची मामी त्याचं ताट झाकून ठेवते. गोकाकच्याची होणारी बायको फोनवर मिरवणुकीची गोष्ट ऐकून घेते आणि शेवटी एवढंच म्हणते, "साक बिडो." पुरे कर आता. ही माणसं पहिल्या संकलनातही होती, पण दारातून आत-बाहेर करण्यापुरती. त्यांना काम मिळालं आणि चित्रपटाचा मधला भाग उभा राहिला.

भाषा, धूर आणि मिरवणूक

पुण्यातल्या वितरणक्षेत्रातल्या एका गृहस्थांनी संवाद प्रमाण मराठीत डब करायला सुचवलं. इथली मराठी बाहेर कळणार नाही असं त्यांचं मत. चौघांनी ते मानलं नाही, आणि मीही त्यांच्या बाजूनं ठाम उभा होतो. "काय करालास?" "बसलोय न्हवं." यात न कळण्यासारखं काय आहे? कोल्हापूर, सांगलीपासून चंदगडपर्यंत लोक असं बोलतात. आवाज शूटिंगच्या वेळचाच ठेवायचं ठरलं होतं ते त्यासाठीच, कारण वाक्याच्या शेवटी आवाज जसा वर जातो तसा डबिंगच्या खोलीत जात नाही. त्याची किंमत रेल्वे गेटाजवळ मोजावी लागली. गाडी आली की थांबायचं. गोकाकच्या घरातलं कन्नड कन्नडच ठेवलं आणि खाली मराठी ओळी दिल्या. तिथे आजी दारातूनच विचारते, "ऊटा आतेन्री?" आणि बेळगावातल्या प्रेक्षकाला खालची ओळ वाचायची गरज पडत नाही.

सिगारेट मात्र काढावी लागली, आणि बरं झालं. पडद्यावर तंबाखू दिसली की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर इशारा दाखवावा लागतो, शिवाय धूर दिसेल तोवर खाली ओळ ठेवावी लागते. चौघांच्या दूरच्या चौकटीत ती ओळ सतत राहिली असती तर डोळा तिकडेच गेला असता. मग कट्ट्यावर भाजलेल्या शेंगा आल्या. गप्पा जशा लांबतात तसा टरफलांचा ढीग वाढतो आणि सकाळी झाडणारी बाई तो भरताना दिसते. निपाणीच्या पात्राला या बदलाचं एक कारणही मिळालं. त्याची आई तंबाखूच्या वखारीत काम करायची आणि घरी यायची ती अंगाला त्याच वासासकट. तो वास त्याला नको असतो. निपाणी म्हटलं की बाहेरच्यांना १९८१ चं शरद जोशींचं तंबाखू आंदोलन आठवतं. वखारीत बसून पानं निवडणाऱ्या बायका फारशा कुणाला आठवत नाहीत. चित्रपटात त्या एका वाक्यापुरत्या आहेत. मला अजून हव्या होत्या.

मिरवणुकीचा प्रश्न वेगळाच निघाला. वैशाखात लग्नसराई भरात असते, म्हणजे छायालेखकाला नेमक्या त्याच दिवसांत एक संध्याकाळ मोकळी मिळत नाही. खऱ्या मिरवणुकीची थोडी दृश्यं त्यानं एका गच्चीवरून घेतली. ट्रॉलीवरचे प्रसंग नंतर रात्री उद्यमबागेत कारखान्याच्या बंद आवारात केले. गर्दी दाखवायची गरजच पडली नाही, ढोल-ताशाचा आवाज आणि चेहऱ्यांवर पडणारे दिवे पुरले.

शेवटाचा वाद

शेवट दोनदा बदलला. आधी असं होतं की मावळा स्वतःहून आंगरखा उतरवतो आणि दहावीतल्या मुलाला देतो, सगळे टाळ्या वाजवतात. शहापूरच्याच काकूंनी यावरही बोट ठेवलं. इतक्या वेळा उसवलेला आंगरखा, त्या पोराच्या अंगात तो गोणपाट होईल, आणि पुन्हा आत घ्यायला आईच बसणार ना?

म्हणून आता आई नाही म्हणते. मशीनवरून उठते आणि मुलाला म्हणते, "बस. तूच घे आत." तो बसतो. मिरवणुकीला एक रात्र राहिलेली आणि याला सुईत दोरा ओवता येत नाही. चौघेही मशीनभोवती जमतात, एकजण पायडल मारतो, एकजण कापड धरतो, इयर बॅकवाला प्रत्येक टाक्याला सल्ला देतो. सकाळी आंगरखा तयार होतो, फक्त डाव्या बाहीचं तोंड शिवलं गेलेलं असतं आणि ते ट्रॉली हलल्यावर कळतं. नवा मावळा एका हातानं भाला धरून, दुसरा हात बाहीत अडकलेला, गणपत गल्लीतून जातो. आणि चौघे ट्रॉलीमागून चालत त्याला खालून ओरडून सांगत राहतात की हलू नकोस, असंच उभं राहायचं असतं.

छायालेखकाला अजूनही आंगरखा उतरवण्याचं जुनं दृश्य हवंय. त्या रात्री त्यानं चेहऱ्यावर टाकलेला उजेड खरोखर अप्रतिम आहे, त्याचा जीव तुटतो हे मला समजतं. दिग्दर्शक अधूनमधून डळमळतो. माझं मत मशीनच्या बाजूनं आहे, कारण तिथे चौघे पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या हातांनी करतात आणि ते चुकतं, आणि विनोदी चित्रपटात माणसाला चुकायची मोकळीक हवी.

पुढचं काम सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए या वर्गात ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे आले आहेत. सिगारेट गेल्यामुळे आणि कट्ट्यावरच्या दोन-तीन शिव्या गाडीच्या आवाजात बुडवल्यामुळे सगळ्या वयांना सरसकट खुलं असलेलं 'यू' मिळावं अशी आशा आहे, म्हणजे मंडळातली मुलंही येऊन बघू शकतील. कन्नड उपशीर्षकांची पूर्ण प्रतही करायची आहे, कारण गोकाकच्या पात्राच्या घरची मंडळी ही या चित्रपटाची पात्रं आहेत तशी प्रेक्षकही आहेत. पहिले खेळ निपाणी आणि खानापूरला करायचे असं ठरतंय. शहापूरच्या काकूंना मात्र त्याआधी शेवट दाखवायचा आहे.